तीन मार्कांचं घर्षण

महागाव,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सुरभीस अनेक आशीर्वाद.

पोलीस प्रशिक्षण केंद्रात तुझा मोबाइल जमा करून घेतला म्हणून तुझी आई हळहळली. मी मात्र मनातून खूश झालो. आता माझं म्हणणं तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल, अर्ध्यातून बोटाने वर सरकवता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तू आईला तुझ्या मोटरसायकलवर माहूरला नेणार आहेस. तिने लुगडं आतापासून काढून ठेवलं आहे. तिने देवीला शब्द दिला आहे, त्यामुळे गाडीने माहूरचा चढ चढलाच पाहिजे. तू जाताना बजावलं होतंस, की ऑइल बदलायला गाडी मन्सूरच्या गॅरेजला न्या. पण बाई, मन्सूर माझाच विद्यार्थी, तोही विज्ञानात नापास. ज्याने एकतीस वर्षं फळ्यावर घर्षण शिकवलं, त्याने गाडी घेऊन मन्सूरच्या दारात उभं राहायचं? म्हणून परवा मीच ऑइल बदललं.

नट उलटा फिरवायला पाऊण तास गेला, कारण मी तो आवळत होतो. जुनं ऑइल धरायला रुंद भांडं हवं होतं, तर हाताशी कणकेची परात आली. तिच्याबद्दल तुझी आई स्वतंत्र पत्र लिहिणार आहे. तू फळीवर ठेवून गेलेला डबा मी पाहिला, पण तो अगदीच साधा वाटला. त्याच्या शेजारी तुझ्या ताईच्या नयनरावांनी त्यांच्या कारसाठी आणलेली बाटली होती. महागाची, सोनेरी, आणि वर लिहिलेलं, की घर्षण एकदम कमी. म्हटलं, जावयाच्या गाडीला तूप आणि लेकीच्या गाडीला तेल, हे आपल्या घरात चालणार नाही. पंगतीत वाढावं तसं आग्रहाने सगळं ओतलं.

गाडी आता लोण्यासारखी चालते. तब्येतीला जप, भाकरी दोन जास्त खा. लोभ आहेच, तो तिथल्या परेडमध्ये झिजू देऊ नकोस.

तुझा
बाबा


प्रशिक्षण केंद्र,
२२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी इतकी मोठ्याने हसले, की आमच्या प्रशिक्षक बाईंनी मैदानाच्या रोजच्या दहावर दोन चकरा जास्तीच्या मारायला लावल्या. बाराव्या फेरीला मात्र हसू पळालं.

बाबा, कारचं ऑइल मोटरसायकलला चालत नाही. का ते मी सांगितलं तर तुम्ही चार पानांचं उत्तर पाठवाल, म्हणून सांगत नाही. फक्त हात जोडते, गाडी मन्सूरभाईंकडे न्या. चढावर क्लच घसरला आणि आई मागे बसलेली असली तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. मला एक कळत नाही. गॅरेज आपल्या घरापासून हाकेवर आहे, मी दर दोन महिन्यांनी तिथे जाते, पण तुम्ही त्या रस्त्याने जातसुद्धा नाही. बाजारात जायलाही मारुतीच्या देवळाकडून वळसा घेता. असं का?

आईला सांगा, परात मी नवी आणीन. तुमचा राग येत नाही, हीच माझी अडचण आहे.

तुमची
सुरभी


महागाव,
५ ऑक्टोबर २०२५

चि. सुरभीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, पण दोन दिवस उशिरा. तोवर माझी वरात निघून गेली होती.

बाजाराच्या दिवशी मी पुसद रस्त्याने निघालो. चढ लागला तशी गाडी नुसती बोंबलायला लागली. मूठ पिळावी तितका आवाज वाढे, आणि चाक तिथल्या तिथे. मागून रामधन सोयाबीनची बैलगाडी घेऊन आला, मला मागे टाकून पुढे गेला आणि मग थांबला. मास्तर, आवाज तर लय येऊन राह्यला, गाडी काहून येत नाही, असं त्याने विचारलं. मी पुन्हा एकदा मूठ पिळून दाखवली. त्याने सोयाबीनच्या पोत्यांचा दोर सोडून माझी गाडी बैलगाडीमागे बांधली आणि न विचारता थेट मन्सूरच्या गॅरेजला नेली. भर बाजारातून मी हँडल धरून बैलांमागे चाललो होतो, आणि दर दहा पावलांना एखादा जुना विद्यार्थी नमस्कार सर म्हणत होता. मी मान डोलावून नमस्कार घेत होतो, दुसरं काय करणार!

मन्सूरने गाडी उघडली, ऑइल बोटांवर घासून पाहिलं आणि विचारलं, की सर, हे कोणी टाकलं. मी म्हणालो, मीच. तिथे बसलेली चार-पाच गिऱ्हाइकं खो-खो हसली. एकाने तर म्हटलं, की विज्ञानाचे मास्तर ना हे! मन्सूरने पाना खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं, की हसू नका, सरांनी विचार करूनच टाकलं, फक्त जागा चुकली. मग मला खुर्ची देऊन समजावलं. कारमध्ये क्लच इंजिनच्या ऑइलबाहेर, वेगळा असतो. मोटरसायकलच्या क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलात बुडून राहतात, आणि त्या एकमेकींना घट्ट धरतात म्हणूनच चाक फिरतं. तिथलंच घर्षण गेलं तर गाडी जागची कशी हलेल, सर?

सुरभी, हे वाक्य मी पूर्वी वाचलं होतं.

तू विचारलंस ना, मी त्या रस्त्याने का जात नाही. बावीस वर्षांपूर्वी दहावीच्या शाळेतल्या परीक्षेत मी तीन मार्कांचा प्रश्न घातला होता, घर्षण कमी करण्याचे उपाय लिहा. मन्सूरने लिहिलं होतं, की आधी पाहावं लागते कुठं कमी करायचं, सगळीकडं कमी केलं तर गाडी जागची हलणार नाही. मी शून्य दिलं. तेवढ्यावर थांबलो नाही, ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. तो तीन मार्कांनी नापास झाला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. मी त्याला कधी बोलवायलाही गेलो नाही. तेव्हापासून मला मारुतीच्या देवळाचा रस्ता आवडतो.

मी खुर्चीतून उठलो आणि त्या गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं, की मन्सूर, तुझं तेव्हाचं उत्तर बरोबर होतं, तीनपैकी तीन, चूक माझी होती. मन्सूरने प्लेटा पुसायला घेतल्या. मग खाली मान घालूनच म्हणाला, की सर, मले माहीत होतं, मी तर रोज गाड्या उघडून तेच उत्तर तपासून राह्यलो, दर खेपेला बरोबरच निघते.

गाडी ठीक झाली आहे. तू ठेवलेल्या साध्या डब्यातलंच ऑइल टाकलं. मी मात्र चार दिवस धड जेवलो नाही, हे आईने कळवण्याआधी मीच कळवतो. पूर्वीसारखाच जीव लावत जा, बापाची किंमत थोडी उतरली असली तरी.

तुझा
बाबा


प्रशिक्षण केंद्र,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी शनिवारी पोचते. तुमचं पत्र तीनदा वाचलं. शून्याची गोष्ट मला आजच कळली. मन्सूरभाईंनी चार वर्षांत त्यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

त्यांनी मला ऑइल बदलायला शिकवलं, तेव्हा पान्याला हात लावू देण्याआधी एकच प्रश्न विचारला होता, की घर्षण कुठं कमी करायचं आन् कुठं राहू द्यायचं. मला येईना. मग त्यांनीच समजावलं. हे तुम्ही कुठे शिकलात, असं मी विचारलं, तर हसून म्हणाले, की सरांच्या पेपरात आलतं.

आता जेवत जा. शनिवारी मला घ्यायला स्टँडवर या, आणि येताना गॅरेजच्या रस्त्याने या.

तुमची
सुरभी