लवूच्या पेशींची व्यवस्था

लिहून ठेवणार: डॉ. अनुजा विश्राम मुळीक, वय वर्षे ६७, अविवाहित, निवृत्त जीवरसायनशास्त्रज्ञ, मुक्काम मसुरे, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझा भाऊ लवू याचे नाव एकाच ओळीत आले होते, आणि ते बरोबर नव्हते.

कलम १. कुटुंबाविषयी. आमचे वडील विश्राम आणि आई आनंदीबाई हयात नाहीत. आम्ही तीन भावंडे. धाकटी सावित्री शाळेत असतानाच काविळीने गेली, असे आम्ही समजत होतो. मधला लवू. सोळाव्या वर्षी त्याचे हात थरथरू लागले, जीभ जड झाली. पोरगा माडी पितो असे गावात झाले आणि वडिलांनी त्याला मारले. मी तेव्हा पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकत होते. लवूला तिकडे आणले तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी-हिरवे कडे पाहिले आणि निदान झाले. अन्नातून येणारे जादा तांबे यकृतातून बाहेर टाकणारे एक प्रथिन असते; लवूचे ते प्रथिन जन्मापासून कामच करत नव्हते. तांबे साचत साचत मेंदूपर्यंत गेले होते. सावित्रीलाही तेच झाले असणार.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून मिळाला तरच आजार होतो. माझी तपासणी केली. मला आजार नव्हता. त्या संध्याकाळी मी वसतिगृहात पोटभर जेवले, वाढणाऱ्या बाईंकडे पुन्हा आमटी मागितली. त्यात काही पाप नाही हे मला कळते. तरी आमटीची ती वाटी मला अजून दिसते.

गोळ्यांनी लवू वाचला. हात आणि जीभ मात्र पूर्ववत झाली नाहीत. आईने पाण्याचा तांब्याचा हंडा त्याच आठवड्यात मोडीत काढला. लवूला तिसऱ्यांचे शिंपले बंद, खेकडे-कुर्ल्या बंद, काजूगर बंद; सगळ्यांत तांबे जास्त. मालवण तालुक्यात राहून! काजूची बाग त्यानेच राखली, बोंडू त्यानेच वेचले, आणि गर कायम दुसऱ्यांच्या ताटात गेले.

कलम २. घर व बाग. मसुऱ्यातील घर आणि काजूची बाग यांतील माझा हिस्सा लवूकडे जावा. त्याच्यानंतर तो आमच्या चुलतभावाची मुलगी अपेक्षा हिला मिळावा. ती बाजारातल्या मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. लवूच्या गोळ्या बाजारात मिळेनाशा होतात तेव्हा तीच मुंबईपर्यंत फोन लावते. माझ्यामागे लवूकडे लक्ष देण्याचे तिने आपणहून कबूल केले आहे. तिचे वडील अजय यांना या घरातील काहीही मिळू नये. लवू पितो ही बातमी गावभर त्यांनीच केली होती. निदान झाल्यावर ती तशीच गावभर फिरून मागे घ्यायला हवी होती, घेतली नाही. मुलीच्या घरी ते खुशाल येऊन राहोत, माझी ना नाही.

कलम ३. ठेवी. बँकेतील सर्व रक्कम लवूचे औषध, तपासण्या आणि मदतनीस यांवर खर्च व्हावी. काही उरल्यास या आजाराच्या मुलांना गोळ्या घेऊन द्याव्यात. पुस्तके मी नोकरी केली त्या पुण्याच्या संस्थेला न देता मसुऱ्याच्या शाळेला द्यावीत. संस्थेत ती कोणी उघडत नाही.

कलम ४. पेशी. मालवणच्या वकिलांनी मला समजावले की पेशी ही स्थावर नाही, जंगमही नाही, तेव्हा मृत्युपत्रात घालून उपयोग नाही. तरी मी घालते, कारण माझी सगळी कमाई तीच आहे.

पीएच.डी.नंतर मला त्या प्रथिनावरच काम करायचे होते. त्यासाठी आजारी माणसाच्या जिवंत पेशी लागत. मी लवूला विचारले. तो म्हणाला, "तुझ्या शिक्षणाक लागता मां? घे." दंडाच्या आतल्या बाजूची मसुराएवढी कातडी काढली. तिच्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढल्या, पुढे आम्ही त्या कायम वाढत राहतील अशा केल्या. त्यांच्यावर माझे पहिले निबंध निघाले, त्यांच्यावर नोकरी लागली, त्यांच्यामुळे मी जर्मनीला, जपानला जाऊन आले. माझ्या प्रयोगशाळेतली माणसे शोधत राहिली की ते प्रथिन पेशीत कुठे अडकते आणि का अडकते. लवू इथे आईचे दुखणे काढत होता. त्याचे ठरलेले लग्न हाताच्या थरथरीमुळे मोडले तेव्हा मी क्योटोत व्याख्यान देत होते. व्याख्यानात त्याला नाव नव्हते, क्रमांक होता.

मी सुट्टीला आले की तो शेजाऱ्यांना हसत सांगे, "हिचो पगार माझ्या कातडीचो." सगळे हसत. मीही हसे.

गेल्या वर्षी माझी विद्यार्थिनी डॉ. संचिता, जी आता ती प्रयोगशाळा चालवते, घरी आली. तिने लवूच्या त्याच पेशींपासून यकृताच्या पेशी बनवल्या आहेत आणि त्यांतला बिघडलेला जनुक दुरुस्त करून पाहते आहे. आताच्या नियमाप्रमाणे पेशी देणाऱ्याची नव्याने संमती लागते. लवू म्हणाला, "आधी माका दाखव."

आम्ही त्याला पुण्याला नेले. संचिताने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. डोके स्थिर राहीना म्हणून मी त्याची हनुवटी धरली. तो बराच वेळ बघत होता.

"हे हलणत नाय गो, बाय," तो म्हणाला.

"नाही हलत."

"सगळे माझेच?"

"तुझेच."

मग त्याने संचिताला विचारले, मी मेल्यावर यांचे काय? ती म्हणाली, राहतील, अजून शंभर वर्षंही राहतील. तिला वाटले तो खूश होईल. लवू म्हणाला, "नको. मी मेल्यार माझो एक तुकडो हय बर्फात एकटो कित्याक ऱ्हवतलो? मी जितो आसय तोपर्यंत तुका काय करुचा ता कर. पण बेगीन कर."

संचिताचा चेहरा उतरला. परतताना गाडीपाशी ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. किती मुलांचा प्रश्न आहे." तिचे बरोबर होते. मी सांगितले असते तर तो खरेच ऐकला असता. त्याने माझे सगळेच ऐकले आहे. म्हणूनच मी सांगितले नाही.

तेव्हा माझी सूचना अशी: लवूच्या मृत्यूनंतर त्या प्रयोगशाळेतील त्याच्या सर्व पेशी नष्ट कराव्यात. त्याआधी तिचे काम पुरे व्हावे अशी मी रोज प्रार्थना करते, म्हणजे भावाला आयुष्य मागते की संचिताला वेळ, हे मला सांगता येणार नाही. परदेशात तीन ठिकाणी मी या पेशी पाठवल्या होत्या. दोघांनी नष्ट करण्याचे कबूल केले. तिसऱ्यांचे उत्तर नाही. तिथून पुढे त्या कोणाकडे गेल्या असतील ते मला माहीत नाही. हे लवूला सांगितले आहे. माझ्यानंतर संचिताने विचारत राहावे.

कलम ५. माझ्या पेशी. भावाच्या शेजारी निरोगी बहिणीच्या पेशी ठेवून तुलना करणे शास्त्राला धरून झाले असते. इतक्या वर्षांत तसे केले नाही, परक्यांच्या वापरल्या. गेल्या महिन्यात मी माझ्या दंडाची कातडी दिली. तिला मुदत नाही, संचिताने हवी तितकी वर्षे वापरावी. सुई टोचताना लवू शेजारी बसला होता.

"दुखता?" त्याने विचारले.

"हो रे."

"माका पण दुखलला," तो म्हणाला. हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितले.

कलम ६. अंमलबजावणी अपेक्षाने करावी. माझे दहन मसुऱ्यातच व्हावे. संस्थेने शोकसभा घेतल्यास, पहिले नाव लवू विश्राम मुळीक हे घ्यावे, मग माझे.

कलम ७. हे कलम खोडले आहे. काल मी सगळा मसुदा लवूला वाचून दाखवला. सातव्या कलमात मी त्याची माफी मागितली होती, पानभर. तो म्हणाला, "सरकारी कागदार ह्या कित्याक? माका सांगूचा आसात तर हय बसान सांग."

मी कागद बाजूला ठेवला आणि पडवीत त्याच्यासमोर बसून सांगितले. पान होते त्यापेक्षा ते बरेच लहान झाले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "भूक लागली. जेवूक वाढ."

मी वाढले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. खाली नावे असलेल्या दोन साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. खोडलेल्या कलमावर माझी वेगळी सही आहे.

(सही) अनुजा विश्राम मुळीक

साक्षीदार:
१. (सही) डॉ. कौस्तुभ सत्यवान परब, वैद्यकीय व्यवसाय, मसुरे. लिहून ठेवणार यांना मी तपासले असून त्या पूर्ण भानावर आहेत.
२. (सही) इद्रीस दाऊद मुजावर, व्यापार, मालवण.

स्थळ: मसुरे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५