गच्चीवरचं वावर आणि माझे खांदे

जुना जालना,
पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप भुजंगदादा यांस,

धाकट्या रामप्रसादचा साष्टांग नमस्कार. शालूवहिनींनाही सांगावा. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? लाल गाय व्याली का? पाऊस तुमच्याकडे बरा झाला असं तातेराव टेम्पोवाला सांगत होता, पण तातेरावच्या बोलण्यात पाऊस नेहमीच बरा झालेला असतो, म्हणून विचारतो. (समोरासमोर आपण अरे-तुरे करतो आणि इथं मी 'तुम्ही' लिहितोय, त्याचं हसू करू नये. चौथीत पत्रलेखनात मला दहापैकी नऊ गुण होते. एक गुण खाडाखोडीचा गेला. तेव्हापासून मोठ्या भावाला 'तुम्ही' लिहायचं आणि खोडायचं नाही, हे डोक्यात बसलंय.)

फोनच केला असता. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून अंगणात बोलता, त्यामुळे अर्धं कुंभार पिंपळगाव ऐकतं, आणि या टोकाला आई माझ्या कानाला कान लावून उभी राहते. म्हणून हे पत्र तातेरावच्या हाती पाठवतोय. बोर्डिंगात असताना मी लिहिलेली पत्रं तुम्हीच आईला वाचून दाखवायचात. हे मात्र दाखवू नये.

तुमचा निरोप मिळाला. येत्या सोमवारी तुम्ही टेम्पो घेऊन येताय आणि आईला गावाकडे नेताय. बिलकुल या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पाडव्याला आली, महिनाभर राहणार होती, आता सहावा महिना लागला. तिला न्यायला माझी काही हरकत नाही. फक्त नेण्याआधी इथली परिस्थिती तुमच्या कानावर घालावी म्हणून लिहायला बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की परिस्थिती मलाच नीट कळलेली नाही. आई माझ्या घरी राहायला आलीय की मी तिच्या शेतावर कामाला लागलोय, हे एकदा तुम्ही येऊन डोळ्यांनी बघा आणि मला सांगा.

सुरुवात माझ्या हातून झाली, हे कबूल. डॉक्टरांनी धूळ नको, धूर नको, वाकायचं नाही असं सांगितलेलं. त्यामुळे आई खिडकीशी बसून गल्लीत येणाऱ्या प्रत्येक ऑटोकडे बघायची आणि आत कोण बसलंय ते तुमच्या भावजयीला, वंदनाला, विचारायची. निवडलेले तांदूळ तिने तिसऱ्यांदा निवडायला मागितले तेव्हा मला कसंतरी झालं. त्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक गृहस्थ गच्चीवरच्या बादलीतून हसत हसत टमाटे तोडत होता. (त्याच्या शर्टाला चिखलाचा एक ठिपका नव्हता. तिथंच मला संशय यायला हवा होता.) मी बारा काळ्या पिशव्या आणि नारळाच्या भुशाच्या विटा घेऊन आलो. आईने मूठभर भुसा हातात घेतला, वास घेतला, सोडून दिला आणि म्हणाली, "हे काय उचलून आणलंस? म्हशीखाली टाकायचं का?" पुढच्या तासाभरात तिने तुम्हाला फोन लावला, आणि तुम्ही जे केलंत ते केलंत.

दादा, चौदा पोती! विहिरीवरच्या वावरातली काळी माती, चौदा पोती! आपला धाकटा भाऊ दुसऱ्या मजल्यावर राहतो, एवढं तरी आठवायचं. आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. तातेरावने पोती कोपऱ्यावरच्या कापडदुकानासमोर उतरवली आणि मागे ऑटोवाल्यांनी हॉर्नचा जो गजर सुरू केला, तो ऐकून माझ्या लग्नाच्या वरातीची आठवण झाली. मी हमाल बघायला निघालो, तर आईने मला बाहीला धरून थांबवलं. तिचं म्हणणं, आपल्या रानातली माती दुसऱ्याच्या पाठीवरून घरात आणत नाहीत. असा काही रिवाज आपल्याकडे आहे का? मला तरी माहीत नाही. माहीत नसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, म्हणून कॉलेजच्या ऑफिसातल्या वरिष्ठ लिपिकाने, वय वर्षे चोपन्न, चौदा पोती दोन जिने चढवून गच्चीवर नेली. नवव्या पोत्याला वंदना म्हणाली, जरा बसा. आई म्हणाली, बसला तर अंग आंबंल, चालू दे.

काळी माती काय चीज आहे ते तुम्हाला माहीत आहे, मला आता कळलं. ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. वावरात ती फुगली तर कोणाचं काही जात नाही, बादलीत फुगली की बादली जाते. पहिल्या मृगाच्या पावसात तीन पिशव्या फाटल्या आणि कूलरचा टब मधोमध तडकला. मग आईने घरातून एकेक भांडं वर न्यायला सुरुवात केली: गळका ड्रम, रंगाचे डबे, वंदनाची कपड्यांची बास्केट, आणि एके दिवशी माझं हेल्मेट. हेल्मेटात कोथिंबीर आहे. चांगली उगवलीय, हे नाकारत नाही. आषाढात आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली, पलंगाच्या बराबर वर, ताटाएवढी. वंदनाने मला बोट करून दाखवली आणि पलंग भिंतीकडे ओढला. मी आईला खाली बोलावलं. म्हटलं, निदान हे बघून तरी तिला वाटेल की आवरतं घ्यावं. आईने मान वर करून नव्या डोळ्यांनी कितीतरी वेळ बघितलं आणि समाधानाने म्हणाली, "ओल बराबर धरली हाय. आता भेंडी लावायला हरकत न्हाई."

भेंडी लावली. भेंडी आली. आता तुम्ही म्हणाल, मग ताजी भाजी खाताय, मजा आहे. दादा, गेल्या पाच महिन्यांत आम्ही आमच्या गच्चीवरचं काहीही खाल्लेलं नाही. पहिला तोडा घरात खात नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या चार भेंड्या मारुतीला गेल्या. दुसरा तोडा मातीच्या पोत्यांचा गाडीवान म्हणून तातेरावला गेला. तिसरा डोळ्यांच्या डॉक्टरांना (ते अजून गोंधळात आहेत). मिरचीचा पहिला तोडा वेगळा, वांग्याचा वेगळा, प्रत्येक भाजीचं पहिल्यापासून सुरू. आम्ही रोज बाजारातून भाजी आणतो आणि गच्चीवर जाऊन भाजी बघतो.

पाखरांसाठी बुजगावणं हवं म्हणून माझा ऑफिसचा चौकड्याचा शर्ट गेला. त्याच सुमारास कंबर धरली म्हणून मी दोन दिवस आजारपणाची रजा टाकली. आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट नेमके ऑटोतून आमच्या गल्लीवरून गेले आणि त्यांना मी गच्चीवर दोन्ही हात पसरून उन्हात उभा दिसलो. दुपारी परत जाताना मी तसाच उभा होतो. कामावर गेल्यावर त्यांनी मला आत बोलावून हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? खरं काय ते सांगावं की बुजगावणं म्हणून गप्प राहावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता बजरंगलालजींचं ऐका. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, खाली धान्याची पेढी. राजस्थानातून त्यांचे पणजोबा आले. चार पिढ्या धान्य विकलं, पण एकानेही कधी पेरलेलं नव्हतं. आईच्या दोडक्याचा वेल कठडा ओलांडून त्यांच्या छतावर गेला, त्यांच्या टीव्हीच्या डिशला गुंडाळला आणि तिकडेच धरला. एक-दोन नाही, सोळा दोडके. दोन दिवस त्यांचा टीव्ही बंद. सभ्य माणूस. कठड्याशी येऊन हात जोडून म्हणाले, "माँजी, वेल तुमचा, छत आमचं, मंग दोडका कोणाचा?" आईला सहा महिन्यांत कोणी इतका शहाणा प्रश्न विचारला नव्हता. तिने पदर खोचला आणि बांधाचा कायदा सांगितला: मूळ ज्याचं त्याचं निम्मं, आणि सावली ज्याच्या रानात पडते त्याचं निम्मं. आठ दोडके तिकडे, आठ इकडे. (आमचे आठ पहिला तोडा म्हणून पुन्हा मारुतीकडे गेले. बजरंगलालजींच्या पत्नी प्रेमबाईंनी त्यांच्या वाट्याच्या दोडक्याची भाजी करून वाटीभर आमच्याकडे पाठवली. आपल्या वेलाचा दोडका खायला मिळाला तो असा, शेजारणीच्या हातचा.) आता ते रोज सकाळी पेढी उघडायच्या आधी कठड्याशी येऊन उभे राहतात आणि आई त्यांना तण निंदायचं कसं ते शिकवते. परवा तिने त्यांचं सगळं छत निम्म्या बटईने ठरवून टाकलं: माती-बी तिचं, राबणं त्यांचं, पीक निम्मं-निम्मं. दादा, जालन्याच्या बाजारात ज्यांचा शब्द चालतो ते बजरंगलालजी तुमच्या आईचे बटईदार झालेत, आणि खूश आहेत. कोणाचं डोकं फिरलंय? माझं असावं.

आणि परवा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदमळणी. तुमच्याकडे बैल आहेत, तुम्ही रीतीप्रमाणे केली असेल. मी ऑफिसातून आलो तर आई गच्चीवर पाट मांडून बसलेली, वाटीत तूप आणि हळद. मला म्हणाली, "शर्ट काढ." मी म्हटलं, का? ती म्हणाली, या वावराला माती कोणी वाह्यली? बादल्या कोण वाहून राह्यलं? मंग बैल कोण? कठड्यापलीकडे बजरंगलालजी आणि प्रेमबाई दोघंही उभे. मी वंदनाकडे बघितलं. ती सहा महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसत होती. शर्ट काढला, बसलो. आईने दोन्ही खांद्यांना हळद-तूप चोळलं, चांगलं जोर लावून, जिथं पोती घासली होती तिथं दोनदा, आणि बैलाच्या कानात म्हणतात तसं माझ्या कानात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." काल पोळ्याला मला पहिली पुरणपोळी दिली आणि दिवसभर एक बादली उचलू दिली नाही. बैलाला सुट्टी असते म्हणे.

हसावं की काय करावं, मला कळलं नाही. खांदमळणी लहानपणी मी एकदाच बघितली असेन. चौथी झाली आणि आपल्या अण्णांनी मला इथल्या बोर्डिंगात टाकलं. त्यानंतर गावाकडे आलो तो पाहुणा म्हणून. पाहुण्याला आई ताट वाढते, दशमी बांधून देते, एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते. त्याचे खांदे चोळत नाही. परवापासून अंघोळ केली नाही, हळद तशीच राहू दिली. ऑफिसच्या शर्टाला आज डाग पडलाय.

असो. विषय भरकटला. तर सोमवारी अवश्य या आणि आईला घेऊन जा. छताची दुरुस्ती करता येईल, वंदनाला कपड्यांची बास्केट मिळेल, मला हेल्मेट मिळेल. घरी मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून हात फिरवावा, आणि लाल गायीला माझ्या नावाने मूठभर चारा घालावा.

आपला धाकटा,
रामप्रसाद

ता. क. हेल्मेटाबद्दल आईसमोर काही बोलू नये. कोथिंबीर अजून पहिल्या तोड्याची आहे.

ता. क. दुसरा. दादा, वर दोन ठिकाणी जे लिहिलंय, 'हरकत नाही' आणि 'घेऊन जा', ते खोडणार होतो, पण खाडाखोडीचा गुण जातो. हरकत आहे. तुला आई पंचावन्न वर्षं मिळाली, मला दहा आणि हे सहा महिने. तू ये, जेव, दोन दिवस राहा, पण टेम्पो रिकामा ने. तिला काय हवंय ते मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. ती जाते म्हणाली तर?

ता. क. तिसरा. घात झाला. पत्र टेबलावर ठेवून मी अंघोळीला गेलो (शेवटी हळद धुवावीच लागली), तेवढ्यात आईने ते उचललं आणि बजरंगलालजींकडून कठड्याशी उभं राहून मोठ्याने वाचून घेतलं. तुझ्या स्पीकरच्या भीतीने पत्र लिहिलं, ते आमच्या सगळ्या गल्लीने ऐकलं. दुसरा ता. क. वाचताना बजरंगलालजींनी कागद प्रेमबाईंच्या हाती दिला म्हणे, शेवटच्या दोन ओळी त्यांनी वाचल्या. आईने मला पुन्हा टेबलाशी बसवलं. एवढंच लिहायला सांगितलं, जसंच्या तसं लिहितोय:

"भुजंगाला लिही, चौदा पोती त्यानं एकल्यानं टेम्पोत चढवली आन् यंदा त्याचे खांदे मळायचे राह्यले. आज आवतण घे म्हणावं, सोमवारी जेवायला ये. आन् येताना टेम्पो मोकळा आणू नको. माती दोन पोती आण, आन् वंजळभर हरभऱ्याचं बी."

दादा, हरभरा आता दिवाळीच्या सुमाराला पेरायचा आणि माघात काढायचा, एवढं मला बोर्डिंगात राहूनही माहीत आहे. दोनच्या ऐवजी चार पोती आण. चढवायला मी आहे.