हेडसेटची उजवी बाजू

सोमवार, १० फेब्रुवारी

—तर आईचं म्हणणं अगदीच फालतू नाहीये. व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की समोर खोटं जग उभं राहतं, तो) घालून काल मी ज्या हाताने कपाटाच्या हँडलवर बुक्की मारली, तो हात अजून ठणकतोय. "पैसे देऊन मार खायचा, ही कुठली हौस?" म्हणाली.

पण अजून घेतलाय कुठे? हा चष्मिशचा आहे, ऑफिसमधल्या. महिनाभर त्याचं डोकं खाल्लं – घेऊ की नको, घेऊ की नको. शेवटी कंटाळून म्हणाला, "घेऊन जा घरी, आठवडाभर वापर आणि मला सोड."

फायदा एकदम सॉलिड. आम्ही लोकांची किचन्स डिझाईन करतो. कागदावर सगळं छान दिसतं. काल हेडसेट घालून त्याच किचनमध्ये जाऊन उभी राहिले, तर फ्रिजचं दार ओट्यावर आपटतंय! आमच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं. आज बॉसला दाखवलं. बॉसचं म्हणणं, "बरं झालं."

बुधवार, १२

समुद्राच्या तळाशी गेले. मासे, प्रवाळ, सगळं. वर आले ती थेट बाथरूममध्ये. जेवून लगेच घालायचा नाही, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

गुरुवार, १३

तोटे: केस चपटे होतात. कपाळावर वळ उठतो, तो घेऊनच आज मीटिंगला गेले. चार्जिंग बघता बघता संपतं. हात पसरायचे तर पलंग भिंतीला सरकवावा लागतो. आणि आई हाका मारते ते ऐकूच येत नाही (आईच्या मते हे हेडसेटशिवायही होतं).

तरी घ्यावासा वाटतोय. खूपच.

शुक्रवार, १४

आज बाबांना घालायला लावला. आधी नको नको. "दिवसभर काचेतूनच बघतो मी, घरी आल्यावर तरी सोड." स्कूलबस चालवतात ना, केस पांढरे झाले ते त्या सीटवरच. मग आईच म्हणाली, "घाला हो, नाहीतर ती माझ्या मागे लागेल."

घातल्यावर मात्र लहान मुलासारखे! डोंगरावरचा रस्ता लावून दिला, तर पाय आपोआप ब्रेक शोधत होता. आई हसून हसून खाली बसली.

लेन्स नीट बसली का ते एकेक डोळा मिटून बघायचं असतं. उजवा मिटला – "मस्त." डावा मिटला – "बंद पडलं गं."

"काय बंद पडलं?"

"उजवीकडचं. नुसतं राखाडी दिसतंय. तोडलंस वाटतं मित्राचं खेळणं!"

कपाटावर बुक्की मारली तेव्हाच हेडसेटलाही दणका बसला असणार. आता चष्मिशला काय तोंड दाखवू?

शनिवार, १५

सकाळीच चष्मिशकडे जाऊन कबूल करून टाकलं. त्याने शांतपणे हेडसेट घातला, एक डोळा मिटला, मग दुसरा. "काही झालेलं नाहीये." मी घातला. डावा मिटला. झाडं, रस्ता, आकाश, सगळं लख्ख.

इतका जीव भांड्यात पडला की मी त्याला चहा पाजला.

आणि अर्धा चहा झाल्यावर कळलं. कप तसाच ठेवून उठले. तो विचारत राहिला, "अगं, काय झालं?"

रविवार, १६

दुपारी आई झोपली होती. बाबा बेसिनच्या आरशासमोर उभे. डाव्या डोळ्यावर तळहात. मग हात काढला. मग परत ठेवला. मी दारात होते, उजव्या बाजूला. त्यांना दिसलेच नाही.

"बाबा."

केवढे दचकले.

"धूसर आहे थोडं," म्हणाले. "दोन्ही उघडे असले की कळतच नाही गं. आणि बसला आरसे आहेत ना."

"मुलं उजवीकडनं रस्ता ओलांडतात, बाबा."

"मला शिकवतेस?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १७

सकाळी नेहमीसारखे बस घेऊन गेले. मी दिवसभर फोन हातात धरून बसले. ऑफिसात कुणीतरी विचारलं, मग हेडसेटचं काय ठरलं? घेतेयस ना?

संध्याकाळी आले. सगळं ठीक. आई म्हणाली, "आज काय दोघांच्या तोंडाला कुलूप?"

मंगळवार, १८

लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी येत्या सोमवारी आहे. आज आई भाजीला गेल्यावर बाबा माझ्या खोलीत आले, दार लोटलं. म्हणाले, तिथला अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच असतो, फोटो मिळवलाय. "तू वाच, मी पाठ करतो. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत गं. तेवढं कर. आईला बोलू नकोस."

फोटो माझ्या फोनवर आलाय. ते बाहेर बसलेत, मी कधी हाक मारते त्याची वाट बघत.

डायरे, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?