भिंतीवरचा गरुड

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून पत्र. एका व्हिडिओ गेमच्या मी केलेल्या जाहिरातीवर तक्रार झाली आहे. जाहिरातीत खेळाडू गरुडावर बसून शहरावरून उडतो; गेममध्ये गरुड नुसता भिंतीवर रंगवलेला आहे. लोक फसवणूक म्हणतात. मंगळवारी मला जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीपुढे उभं राहायचंय. साहेब म्हणतात, जाहिरात म्हटली की अतिशयोक्ती आलीच, एवढंच बोल. वाकडं काही बोललास तर टेबल आवर. तू वकील आहेस, चार वाक्यं लिहून दे. भावोजींना कळू देऊ नकोस, आधीच मला कार्टूनवाला म्हणतात.

तुझाच,
धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चार वाक्यं लिहायला बसले आणि दुसऱ्यातच अडले. तुझ्या भावोजींनी तो गेम केव्हाच घेतलाय. जेवण झालं की गरुड शोधत भिंतींना धडका देतात. मी हसले, मग हसू येईना.

साबणाच्या जाहिरातीतली बाई फेसावर बसून ढगात जाते, तेव्हा मी कुठे चिडते? मग भावावरच का? म्हणून तुझी जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली. गरुड खुशाल उडू दे, त्याची बाजू मी मांडेन. पण पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूचा जीव दाखवणारी हिरवी पट्टी आहे, गरुडाला बाण लागला की ती कमी होते. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हे खरंच खेळतंय. ही अतिशयोक्ती नव्हे, खोटा पुरावा आहे. ती पट्टी कुणी घातली, हे समिती विचारणारच. तिथे टाळाटाळ करायची वाक्यं मला लिहिता येणार नाहीत. तुझी नोकरी माझ्यामुळे जाईल, या भीतीने हे पत्र दोनदा फाडलं.

रागावलास तरी उत्तर मात्र धाड.

तुझी,
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समितीने तेच विचारलं. साहेबांवर ढकलून सुटेन, असं मनात होतं. पण पट्टी घाल असं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. कल्पना माझी. गरुड नुसता उडताना खोटा वाटत होता. पट्टी घातल्यावर खरा वाटला आणि ऑफिसात टाळ्या पडल्या. हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

जाहिरात बंद झाली, माझी नोकरीही गेली. तुझ्याशी भांडायचं ठरवून कागद घेतला होता. पण सांगताना माझा आवाज कापला नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला कळवणार?

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा