एकवीस वेळा म्हटलेला मंत्र

आबा,

विंचवाच्या मंत्राचा जोर कशानं वाढतो हे तुम्ही मला समजावलं होतं. तेव्हा ते कळलं नाही आणि इथे मस्कतला वेल्डिंग करताना तर अजिबात कळत नाही. मशीनला एक चाक असतं, फिरवलं की करंट वाढतो, लोखंड तेवढं वितळतं. तुमच्या मंत्राला असं चाक नव्हतं. तुम्ही म्हणायचात, शब्द सगळ्यांचे तेच, पण नवा माणूस खांद्यापर्यंत चढलेलं विष कोपरापर्यंत आणतो, पाच ग्रहणं पाण्यात उभा राहिलेला मनगटापर्यंत, आणि तुमच्यासारखा नखातून बाहेर काढतो. दुधी भोपळा जन्मभर सोडला तर जोर वाढतो, चावलेल्याच्या घरचा चहा घेतला तर घटतो. "मग धा ग्रहणं केली का डबल जोर?" मी विचारलं, तर लिंबाचा डहाळा माझ्याच पाठीत बसला. "मंत्र म्हंजे काय बैल हाय, आणखी दोन जुंपले का डबल वढील? चौथीत शाळा सोडली, आन् हितं गणित करतोय!"

मग माझं पहिलं ग्रहण. भर दुपारी सगळं गाव दारं लावून बसलेलं आणि मी एकटा गिरणेत कमरेएवढ्या पाण्यात. एकशे आठ वेळा म्हणायचा होता. एकवीसला आलो, पाय गारठले, कंटाळा आला. काठावर बसून पेरू खाल्ले, ग्रहणात खाल्ले, आणि सुटायच्या वेळी एक बुडी मारून घरी आलो. तुम्ही ओल्या कपड्यांकडे बघितलं. चुलीपाशी आईला म्हणालात, "आधी त्याला वाढ. आता घरात दोघं जण हायेत उतरवणारे." तुमच्या आधी माझं ताट वाढलं गेलं ते त्याच दिवशी. सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यात घास गेला.

पुढच्या उन्हाळ्यात कांद्याच्या चाळीत तुम्हाला लाल विंचू चावला. आपला मंत्र आपल्यालाच चालत नाही, दुसऱ्यानं म्हणावा लागतो. कांदा न्यायला आलेला जीपवाला ओरडतोय, "आबाला घाला गाडीत, देवळ्याला डॉक्टर हाय!" आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणताय, "कशाला? पोरगं उतरवील." मी डहाळा फिरवतोय. "कुठवर आलं, आबा?" "कोपरापर्यंत." पुन्हा म्हणतो. "आता?" "उतरलं रे. नाय ऱ्हायलं काही." मी जीपवाल्याला म्हणालो, "जा तू." दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात.

मागच्या शुक्रवारी आमच्या खोलीतल्या केरळच्या माणसाला विंचू चावला. मी ओरडून गाडी मागवली, त्याला दवाखान्यात नेलं, आणि गाडीत पूर्ण वेळ तुमचा मंत्र पुटपुटत होतो. डॉक्टरनं सुई दिली. आज तो समोर बसून भात खातोय. खोलीतली पोरं विचारतात, "मंतर से उतरा या सुई से?" सुईनं, असं मी सांगितलं. मग मी पुटपुटत का होतो? उरलेले सत्त्याऐंशी म्हटले असते तर तुम्ही वाचला असतात, की जीपमध्ये घातलं असतं तर? आणि "उतरलं" ते तुम्हाला खरंच वाटलं होतं, की चारचौघांत माझी लाज राखलीत? डोकं चालत नाही, आबा.

हे आईच्या पत्रात घालणार होतो, पण तिला वाचून दाखवणारा शेजारी गावभर करील. म्हणून गादीखालीच ठेवतो. तिला अजून वाटतं, पोराचा मंत्र खरा होता, विंचूच लय जहाल निघाला. मी तसं वाटू दिलंय.

तुमच्या कपाळावरचा घाम मला दिसला होता. जीपवाल्याला जा म्हणायच्या आधी.