रविवारचा ओव्हरटाइम

१७ फेब्रुवारी, सोमवार

तेरावं झालं. पाहुणे गेले. भाड्यानं आणलेल्या खुर्च्या अजून दारात आहेत.

आलेला प्रत्येक जण एकच सांगत होता: 'हसवणारा माणूस गेला हो!' जसं काही मला माहीत नव्हतं! हळद कुणाचीही असो, बेंजो वाजला की प्रफुल्ल चप्पल काढून नाचायला पुढे. मधूनच मला बाईचा आवाज काढून फोन करायचा, 'मॅडम, बँकेतून बोलतेय, तुमचं खातं बंद होतंय' – आणि मी दर वेळी घाबरायची. आमची लेक उन्नती शाळेत होती तोवर तिच्या वेण्या त्यानंच घातल्या. माझ्याहून सरळ भांग पाडायचा.

मेला तोही विनोद सांगताना. शिफ्ट सुटली, कंपनीच्या गेटवर चार जणांत उभा होता, सांगता सांगता खाली बसला. सगळ्यांना वाटलं, नाटक करतोय. तो विनोद पुढे काय होता, कुणालाच माहीत नाही. मी सगळ्यांना विचारलं.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. कँटीनमधली दीपा माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. का? कोण लागते ती त्याची?

आणि दुसरी, एडवणला सासूबाईंना अजून सांगितलेलंच नाही. थोरले दीर कमलाकांतदादा म्हणाले, 'आईचे डोळे गेलेत, अंगात काय उरलं नाय, ऐकूनच जायल ती.' नणंद बायडी वारली तेव्हाही हेच. तीन वर्षं झाली, म्हातारीला वाटतं लेक डहाणूला सासरी मजेत आहे. आता मुलगाही तसाच खोटा जिवंत ठेवायचा! मी म्हटलं, हे बरोबर नाही. कुणी ऐकलं नाही. मला खोटं खपत नाही, हे घरातला प्रत्येक जण हसून सांगतो आणि मग माझ्यासमोरच खोटं बोलतो.

२० फेब्रुवारी

कंपनीच्या सिक्युरिटीचा फोन. 'भाभीजी, भैया का लॉकर खाली करना पड़ेगा, नया आदमी आ रहा है.' नवा माणूस. एवढ्यात!

गेले. हेल्मेट, बूट, तंबाखूची डबी (सोडली होती म्हणे!), उन्नतीचा दहावीचा फोटो. आणि मागे कोंबलेली एक कापडी पिशवी. त्यात एक साडी, ब्लाउज, हिरव्या बांगड्या. वास – सुक्या बोंबलाचा आणि खोबरेल तेलाचा.

सिक्युरिटीवाला दुसरीकडे बघत होता. फार मुद्दाम बघत होता.

२१ फेब्रुवारी

ब्लाउज माझ्या हातचा नाही.

२२ फेब्रुवारी

अख्ख्या बेटेगावचे ब्लाउज मी शिवते, आणि माझ्या नवऱ्यानं त्याच्या बाईचा ब्लाउज बाहेर शिवून घेतला! आणि काय शिवलाय! मुंढा काखेत ओढतोय, गळ्याची पट्टी तिरकी. पण खांदे केवढे! छाती बेचाळीस तरी असेल. बांगड्या घालून पाहिल्या तर सरळ कोपरापर्यंत गेल्या.

म्हणजे चांगली धिप्पाड आहे. मच्छीवाली असणार. बाजारात सगळ्या त्याच्याशी हसून बोलायच्या, एक हलवा मासा घेताना चार गाणी म्हणायचा. मला वाटायचं, भाव उतरवतोय.

उन्नतीला काही सांगितलं नाही. पिशवी शिलाईच्या कपड्यांखाली ठेवली आहे.

२४ फेब्रुवारी

रविवारचा ओव्हरटाइम! दर रविवारी सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी परत. आज रूपेशला फोन केला. एकाच प्लँटवर होते दोघे, जाणं-येणंही एकाच बाइकवर. विचारलं, 'भाऊजी, रविवारी कंपनी चालू असते का हो?'

म्हणे, 'वहिनी, जाऊ द्या ना. गेलेल्या माणसाचं काय काढायचं.'

म्हणजे काढण्यासारखं आहे!

प्रफुल्ल मला 'सीआयडी' म्हणायचा. खिसे तपासले की हात वर करून उभा राहायचा, 'साहेब, घरी बायको-पोर आहे, सोडा.' मी हसायची आणि तपासायचं राहून जायचं. आता वाटतं, हसवायचा तो याचसाठी की काय? हसणारी बायको विचारत नाही.

२७ फेब्रुवारी

दीपाच्या घरी गेले. दाराशीच नजरेनं माप घेतलं. काडी आहे नुसती! बत्तीसचा ब्लाउजही सैल होईल. ही नव्हे. मला एवढं बरं वाटलं की तिच्या हातचा चहा घेतला.

पण चहा पिता पिता म्हणाली, 'ताई, दादा दर शनिवारी माझ्याकडून शिरा करून घेत. रविवारी न्यायला. मऊ कर, म्हणत, खाणाऱ्याला दात नाय. माझी पोरं आजारी असली की रात्रपाळी करूनही दवाखान्यात येत होते ओ ते. कसं रडू येणार नाय?'

पुढचं मी ऐकलंच नाही. दात नसलेलं. मऊ शिरा.

मूल आहे.

२८ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. बाळाला बाप गेल्याचं कुणी सांगितलं असेल का? आणि मला त्याची काळजी कशाला? राग आला पाहिजे तिथे हे काय भलतंच!

२ मार्च, रविवार

आज उन्नती क्लासला गेल्यावर पिशवी काढली. ठरवलं, सगळं जाळून टाकायचं. मागच्या अंगणात पत्र्यावर कागद पेटवला, ब्लाउज उलटा केला. आणि हात थांबला.

काखेत पिवळे डाग. नुसते घामाचे नाहीत – तो पिवळा. हळदीपेक्षा हिरवट, साबणानं न हटणारा.

तो पिवळा माझ्याशिवाय कोण ओळखणार? डाईच्या कंपनीत पिवळ्या बॅचवर काम करणाऱ्याच्या अंगातच तो रंग शिरतो. कितीही आंघोळ करा, घामातून बाहेर येतो. अठरा वर्षं त्याचे बनियन घासलेत मी. आमच्या घरात पांढरी उशी नाही. लग्नाच्या पहिल्या महिन्यात माझ्या माहेरची पांढरी चादर पिवळी झाली तेव्हा म्हणाला होता, 'बघ, तुला रोज हळद लावतोय.'

हा घाम त्याचा आहे. ब्लाउज त्यानं स्वतः घातला होता!

बाई नाही, मूल नाही. आधी हसू आलं. धिप्पाड मच्छीवाली! पण मग माझा नवरा दर रविवारी साडी नेसून कुठे जायचा? कुणासमोर? लॉजवर नाचायचा का? कुणी फोटो काढून ठेवले असतील? उद्या उन्नतीच्या मोबाइलवर आले तर?

आग विझवली. ब्लाउज घडी करून ठेवला.

५ मार्च

रूपेशला घरी बोलावलं. ब्लाउज त्याच्यासमोर टाकला. म्हटलं, 'डाग बघा. आता खोटं बोललात तर या घराची पायरी चढू नका.'

तो खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसला. मग बोलला.

बायडी वारली तेव्हा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, दवाखान्यात होत्या. म्हणून लपवलं. घरी आल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, 'बायडीला बोलवा, तिच्या हातनं खाईन.' ताट सरकवून द्यायच्या. कुणाचं काही चालेना. मग एका रविवारी प्रफुल्ल कमलाकांतदादांच्या जाळ्यांच्या खोपीत शिरला, बायडीची साडी नेसला, बांगड्या चढवल्या, डोक्याला तिच्यासारखं थापून तेल लावलं आणि बायडीच्या घोगऱ्या आवाजात हाक मारली, 'आये, मी आयली.' म्हातारीला दिसत नाही म्हणून हातानं चाचपते. पदर, बांगड्या, तेलकट माथा चाचपला. आणि जेवली.

ब्लाउज बायडीचा बसेना म्हणून केळव्याच्या शिंप्याकडून शिवून घेतला. पिशवी एडवणला ठेवली तर म्हातारीच्या हाताला लागेल, घरी ठेवली तर माझ्या. म्हणून लॉकर.

'आमी दारात उभं राहून हसू दाबायचो, वहिनी. काय गप्पा मारायचा! सासरच्या खोट्या म्हशी, खोटं भांडण. सासूचा आवाज पण स्वतःच काढायचा. परतताना मात्र बाइकवर मागे बसून रडायचा. बहीण होती ना त्याची पण.'

'मला का नाही सांगितलं?'

रूपेशनं मान खाली घातली. 'तो म्हणायचा, हंसाला खोटं खपत नाय. ती जाऊन आयला खरं सांगून टाकेल.'

६ मार्च

सांगितलं असतं का मी? हो. सांगितलं असतं.

पण विचारायचं तरी! निदान ब्लाउज मी शिवला असता. तीन वर्षं त्या ओढणाऱ्या मुंढ्यात हात घालून आईला भरवत बसला, वेडा! आज पहिल्यांदा पोटभर रडले. तेराव्याला रडले ती दुसरीच कुणीतरी होती.

दिवाळीत सासूबाई मला म्हणाल्या होत्या, 'बायडी येते गो मना भेटायला.' मला वाटलं, म्हातारपणाचे भास. प्रफुल्लला तेव्हा केवढा ठसका लागला होता!

९ मार्च, रविवार

कमलाकांतदादांचा फोन. सासूबाई खातच नाहीत. पेज तोंडाला लावली तरी ओठ मिटून घेतात. 'बायडी का नाय येत?' एवढंच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

मग दादा अडखळले. 'हंसा, घरातल्या सगळ्या बायांचे हात तिला पाठ हायेत. तू वर्षातनं दोनदा येतेस. तू... जमेल का गो तुला?'

मी! सगळ्यांना सोडून मी!

मला संशय आहे, हे त्यांना रूपेशनंच सुचवलं.

१३ मार्च, होळी

उन्नतीला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्या मांडीत तोंड खुपसलं. मग उठून म्हणाली, 'आई, आवाज छातीतून काढ. बाबा तसाच काढायचा.' दोघी आरशासमोर 'आये, मी आयली' म्हणत बसलो. बाहेर होळी पेटवायला गल्ली जमली होती. दर वर्षी सगळ्यात मोठी बोंब त्याचीच असायची.

ब्लाउजचे खांदे उसवून आत घेतले. डाग धुतले नाहीत. हिरव्या बांगड्या माझ्या मापाच्या आणल्या. कासारीण हातांकडे बघत राहिली, मग कपाळाकडे. बघू दे.

खोटं बोलायला जाते आहे. भीती वाटते ती पकडलं जाण्याची नाही. जमून जाईल, याची वाटते.

१६ मार्च, रविवार

जमलं. घोगऱ्या आवाजात बोलले, म्हशी सांगितल्या, डहाणूच्या सासूला शिव्या घातल्या. सासूबाईंनी पदर चाचपला, बांगड्या चाचपल्या आणि शिरा खाल्ला. वाटीभर. दारात दादा डोळे पुसत होते.

मग माझा हात धरला आणि सोडलाच नाही. इतकं हळू बोलल्या की दारापर्यंत गेलं नाही.

'बायडी कवाच गेली, ठाव हाय मना. आईला पोराचा हात कलत नाय काय गो? तो लुगडा नेसून येत होता. एवढा हसवीत होता, मी कशी सांगू त्याला? म्हटला, येऊ दे. त्याला बरा वाटतो.'

माझ्या मनगटावरच्या बांगड्या पुन्हा चाचपल्या.

'आज तू आयलीस, हंसा. म्हंजे माझा पोरगा पण गेला.'

मी हो म्हटलं.