मासा तोच आहे

बसवनगुडी, बेंगळूर
२ जून १९९६

प्रिय सौ. विमलास,
अनेक आशीर्वाद.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, वाचून बरं वाटलं. इकडे मात्र तुझ्या त्या खाऱ्या पाण्यातल्या रॅस माशाने माझा जीव खाल्ला आहे. तू बेळगावला गेलीस त्याच संध्याकाळी तो टाकीतून गायब. सोफा हलवला, कपाटामागे बॅटरी मारली. शेवटी शेजारच्या व्यंकटेश अण्णांच्या मांजरीवर आळ घेतला. ते चिडले, मीही चिडलो. सकाळी पाहतो तर साहेब वाळूतून डोकं काढून बाहेर! असा झोपतो हे जाताना सांगायला काय झालं होतं? अण्णा अजून बोलत नाहीत.

आईंना नमस्कार. माझ्यावर दया असू दे.
तुझा,
जयसिंगराव

बेळगाव
९ जून १९९६

तीर्थस्वरूप, आपल्या रूपश्रीच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

दहा वेळा सांगितलं होतं, तुम्ही पेपर वाचत हूं हूं करत होतात. टाकीवरची जाळी काढू नका, तो उडी मारतो. पाणी आटलं की साधं पाणीच घाला, मीठ नको. मीठ मागेच राहतं. आणि अण्णांकडे जाऊन सरळ माफी मागा. आईला अजून दोघांनी धरून उठवावं लागतं, रघुजीदादा एकटा पडतो. गणपतीपर्यंत माझं येणं नाही.

राग उतरला की दोन ओळी टाका.
सौ. विमला

बेंगळूर
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय विमला,
अ. आ.

काल दुपारभर वीज नव्हती. पंप बंद. चिकपेटचं दुकान नोकरावर टाकून मी मगाने पाणी वर-खाली करत बसलो. हात गळून गेले. मासा मजेत आहे, कोळंबी माझ्याआधी जेवतो. फक्त शेपटीजवळचा काळा ठिपका गेलाय आणि हिरवा होता तो निळा पडलाय. चेहऱ्यावर गुलाबी रेघाही दिसतात.

लवकर ये, एवढंच मागणं.
जयसिंगराव

बेळगाव
२५ ऑगस्ट १९९६

श्री. जयसिंगराव यांस,
सा. न. वि. वि.

खरं सांगा, तो केव्हा गेला? मी रागावणार नाही. ठिपका काय धुऊन जातो? मेला म्हणून तुम्ही दुसरा आणून ठेवलात, हे मला पत्र वाचतानाच कळलं. काल आईला भरवताना डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं तिच्यासाठीच.

उत्तराची वाट पाहते.
विमला

बेंगळूर
३० ऑगस्ट १९९६

सौ. विमलास,
आशीर्वाद.

कमाल झाली! मासा तोच आहे. तोच, तोच, तोच. तीन महिने त्याची उष्टी काढतोय ती खोटं बोलायला? पटत नसेल तर स्वतः ये आणि त्यालाच विचार. मी दुसरा मासा आणलेला नाही आणि आणणारही नाही.

यापुढे माशाबद्दल मला लिहू नये.
जयसिंगराव

बेळगाव
७ सप्टेंबर १९९६

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

माझं चुकलं. दादाने कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हा मासा वाढला की ठिपका जातो, रंग फिरतो, आणि कधीकधी मादीचा नरही होतो. तुम्ही खरंच बोलत होतात.

पण एक सांगू? तुमचं ते तोच-तोच वाचून मला थोडं वाईटच वाटलं. मी रडू नये म्हणून तुम्ही दुकानं पालथी घालत हिंडलात, असं समजून मी काही दिवस मनातून सुखात होते. साड्यांचं दुकान तुमचं. पण माझ्यासाठी आपण होऊन एक साडी कधी घरी आणली नाहीत, रंग मलाच विचारलात.

आई काठी घेऊन चालते. पंधरा तारखेला, रविवारी निघते.
तुमची,
विमला

बेंगळूर
११ सप्टेंबर १९९६

प्रिय विमल,

पत्र वाचून दुकान लवकर बंद केलं आणि शिवाजीनगरला गेलो. दुसरा मासा आणलाय. पहिला त्याला बघताक्षणी अंगावर धावला, म्हणून मधे जाळी लावली. ती बसवताना बाही कोपरापर्यंत भिजली. आता दोघांना वेगवेगळं भरवतोय. अण्णा जाळी धरायला आले होते. हसले, पण आले.

नवा केशरी आहे, पाठीवर पांढरे ठिपके. कुणाला विचारलं नाही. रंग मीच निवडला.
तुझा,
जयसिंग